जुन्या रस्त्यातून नवा पाया: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

नोंदवही आजपासून सुरू. रस्ता दुपदरी, डांबरी थर इतका फुटलेला की वरून आणखी एक थर चढवून भागणार नाही. पाया बदलावाच लागणार. नव्या खडीऐवजी दोन गोष्टी हाताशी आहेत: मिलिंग मशीनने उकरलेलं जुनं डांबरी मटेरियल, ज्याला आम्ही सगळे रॅप म्हणतो, आणि तोडलेल्या काँक्रीटची खडी, म्हणजे आरसीए. यांतलं काय, किती आणि कशात मिसळून वापरायचं हे ठरवणं माझ्याकडे आहे.

सकाळी सगळा पट्टा पायी चालले. मगरीच्या पाठीसारख्या भेगा जवळजवळ सगळ्या बाहेरच्या चाकोरीत, रस्त्याच्या मध्याकडे क्वचितच. पुष्कळ भेगांच्या तोंडाशी फिकट गाळ वाळलेला. चाक वरून गेलं की भेगेतून पाणी उसळतं आणि पायातला बारीक भाग सोबत घेऊन येतं, त्याचेच हे डाग. साइडपट्टीची माती बऱ्याच ठिकाणी डांबराच्या कडेपेक्षा वर आली आहे. पाणी बाहेर पडायचं कुठून?

६ नोव्हेंबर

दोन चाचणी खड्डे घेतले. पहिला रस्त्याच्या मध्याजवळ, दुसरा कडेच्या चाकोरीत. थर दोन्हीकडे सारखेच: साधारण १२० मिमी डांबर, त्यात मागच्या दुरुस्त्यांचे थरावर थर स्पष्ट दिसतात, खाली २०० मिमी फोडलेल्या खडीचा पाया, मग १५० मिमी सबबेस, म्हणजे पायाखालचा आधारथर, आणि त्याखाली चिकण माती, म्हणजे सबग्रेड.

खड्ड्यांच्या शेजारी डीसीपी, म्हणजे थराची ताकद जागेवर मोजायचं ठोकायचं उपकरण, ठोकला. ८ किलोचा हातोडा ५७५ मिमी उंचीवरून पडतो, खाली ६० अंशांचा शंकू, एका ठोक्याला शंकू किती मिमी घुसला ते वाचायचं. मध्याजवळ पायामध्ये ठोक्याला ३ मिमी, कडेला ९ मिमी. नेहमीच्या टीआरएल सूत्राने (ब्रिटिश रस्ते प्रयोगशाळेचं) त्याचा सीबीआर, म्हणजे प्रमाण खडीला १०० धरून काढलेला ताकदीचा आकडा, अनुक्रमे ९५ आणि ३० येतो. सबग्रेडमध्ये मध्याजवळ १०, कडेला ५.

खडी तीच आहे, एकाच वेळी टाकलेली. कडेच्या खड्ड्यात पायाच्या तळाला पाणी पाझरत होतं आणि मुठीत धरलेल्या खडीला चिखल चिकटत होता, एवढाच फरक. ९५ चा पाया ३० वर पाण्याने आणला. ही गोष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवते, कारण पुढचे काही महिने आम्ही मटेरियलच्या ताकदीवर वाद घालणार आहोत.

११ नोव्हेंबर

ढिगांमधून नमुने घेतले. ढीग शंकूसारखा वाढतो, मोठे खडे घरंगळून पायथ्याशी जमतात आणि बारीक माल माथ्याशी राहतो. पायथ्याचं एक घमेलं भरून त्याला नमुना म्हणायची सवय सगळीकडे दिसते, इथेही होती. लोडरने ढिगाच्या तीन बाजूंनी माल काढून जमिनीवर सपाट पसरवून घेतला, मग चौथाई करत करत, म्हणजे चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत, पोत्यापर्यंत आणला. अर्धा दिवस गेला. तो जायलाच हवा होता.

आरसीएच्या ढिगात विटांचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या आणि प्लास्टरचे पांढरे गोळे सापडले. वीट-लाकडाचं मला फार वाटत नाही, मर्यादेत असलं की झालं. प्लास्टरची मात्र भीती वाटते. त्यात जिप्सम असतं, जिप्समातलं सल्फेट सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी पाण्याच्या संगतीत जुळलं की फुगणारे स्फटिक तयार होतात आणि पाया खालून उचलतो. क्रशरवर माल जाण्याआधी प्लास्टर हाताने वेचायला दोन माणसं कायमची उभी करा, असं कळवलं.

आरसीएच्या फुटलेल्या खड्यांवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं, ते अल्कली असेल तिथे गुलाबी होतं. खड्यांचा बाहेरचा पापुद्रा रंगहीन राहिला, आतला भाग आणि ढिगातली पूड गडद गुलाबी झाली. बाहेरच्या भागाने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलाय, आत चुना अजून जिवंत आहे. ही पूड पाणी लागलं की पुन्हा थोडी घट्ट होईल, हा फायदा. तिच्यातून झिरपणारं पाणी अल्कली असेल, हा दुसरा भाग. दोन्ही लक्षात ठेवायचे.

१४ नोव्हेंबर

आज रॅपचे सगळे नमुने बाद करावे लागले.

प्रयोगशाळेत खडीसाठी ओव्हन ११० अंशांवर लावलेला असतो, रॅपही त्यातच ठेवला गेला. सकाळी ट्रे बाहेर काढले तर बारीक माल खड्यांना चिकटून गोळे झालेले. डांबर त्या तापमानाला मऊ होऊन पसरतं. असा माल चाळला तर तो आहे त्याहून जाडा दिसणार. इथली जबाबदारी माझी, सूचना मी लिहून द्यायला हवी होती. आता रॅप ६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत, मग त्याला दोन दिवस लागले तरी चालतील. आरसीएसाठीही ६० च. जिप्समचा अंश असेल तर जास्त उष्णतेत त्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं आणि आपण त्याला ओलावा समजतो.

तंत्रज्ञ म्हणाले, "मॅडम, मग इतकी वर्षं आपण रॅपचा ओलावा मोजत होतो तो?" मी म्हटलं, जुने आकडे काढून ठेवा, पण या कामात त्यांच्यावर काही उभं करायचं नाही.

१९ नोव्हेंबर

चाळणी झाली. रॅपची ग्रेडेशन, म्हणजे कोणत्या आकाराचा माल किती टक्के याचा वक्र, दोन प्रकारे काढली: डांबरासकट, आणि डांबर द्रावकाने काढून टाकल्यावर उरलेल्या खडीची. दोन वक्र एकमेकांपासून खूप दूर आहेत. डांबर काढलं की ७५ मायक्रॉनखालचा भाग ठीकठाक दिसतो. डांबरासकट चाळलं तर तो जेमतेम दीड टक्का.

आम्हाला कोणता वक्र धरायचा? रॅप गरम मिश्रणात जाणार असता तर दुसरा, कारण तिथे जुनं डांबर वितळतं आणि आतली पूड मोकळी होते. आमचं काम थंड आहे. पायामध्ये हा माल काळ्या खड्यांसारखाच वागणार, त्याची पूड डांबरात अडकलेलीच राहणार. म्हणून पहिला वक्र. निविदेच्या मसुद्यात दुसरा धरला होता, दुरुस्तीची टिपण दिली.

आरसीएची लॉस एंजेलिस झीज, म्हणजे पोलादी गोळ्यांसोबत पिंपात फिरवल्यावर किती माल झिजतो ते, मर्यादेत बसली, काठावर. सोडियम सल्फेटची टिकाऊपणाची चाचणी यादीत होती, ती काढायला लावली. ते द्रावण जुन्या सिमेंटवर स्वतःच हल्ला करतं, त्यामुळे चांगला आरसीएही त्यात नापास होतो. खऱ्या खडीसाठी ती चाचणी योग्य, इथे तिचा आकडा काहीच सांगत नाही.

२५ नोव्हेंबर

प्रॉक्टरने, म्हणजे किती ओलाव्यावर माल सर्वात घट्ट बसतो ते शोधायच्या चाचणीने, आठवडा खाल्ला. आरसीएचा पहिला वक्र दोन उंचवट्यांचा आला, दुसऱ्या वेळी उंचवटे दुसरीकडे. मोल्ड बदलला, हातोड्याची उंची तपासली, माणूस बदलला.

कारण मालाच्या तहानेत होतं. आमच्या नव्या खडीचं पाणी शोषण १ टक्का, आरसीएचं ६. खड्यांना चिकटलेलं जुनं सिमेंट सच्छिद्र आहे. पाणी मिसळून लगेच ठोकलं तर काही पाणी खड्यांच्या आत शिरलेलं असतं, काही खड्यांच्या मधल्या जागेत फिरत असतं, आणि दर मिनिटाला ते प्रमाण बदलतं. मग पाणी मिसळून पिशव्या बंद करून रात्रभर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी एकच सुबक वक्र मिळाला: ऑप्टिमम ओलावा (ज्यावर माल सर्वात घट्ट बसतो तो) ११ टक्के, कमाल कोरडी घनता १.९३ ग्रॅम प्रति घन सेंमी. नव्या खडीचे आकडे ६ टक्के आणि २.२५. रॅप आणि नवी खडी निम्मी-निम्मी, २.१५.

साइटवर याचा अर्थ असा की आरसीएवर पाणी दबाईच्या आधी टँकरने मारून चालणार नाही, ढिगावर आदल्या दिवसापासून मारायला हवं. कामाच्या सूचनांत हे ठळक अक्षरांत घातलं.

ठोकलेला माल पुन्हा चाळला. आरसीएमधला ७५ मायक्रॉनखालचा भाग ४ वरून ७ टक्के झाला, म्हणजे हातोड्याखाली सिमेंटचे कोपरे तुटतात. रोलरखालीही तुटणार. पाण्याचा निचरा किती होईल याचं गणित ४ वर नाही, ७ वर करायचं.

२ डिसेंबर

चार दिवस पाण्यात ठेवलेल्या नमुन्यांचे सीबीआर:

नवी खडी १३०. आरसीए १४०. निम्मा रॅप निम्मी खडी ६२. नुसता रॅप २४.

आरसीएचा जादा नमुना ओलसर ठेवून २८ दिवसांनी तपासायचा आहे. नुसता रॅप पायासाठी बाद, त्यावर कोणाचंच दुमत नाही.

मतभेद मिश्रणावर आहे. बैठकीत एक बाजू म्हणाली, ६२ पायाला पुरत नाही, संपलं. दुसऱ्या बाजूने प्रकाशित निष्कर्ष पुढे केले की रॅपचा रेझिलियंट मॉड्युलस खडीपेक्षाही जास्त येतो, म्हणजे माल जास्त ताठ. दोघंही खरं बोलत होते, ते दोघांना पटत नव्हतं. सीबीआर ही चाचणी १९२० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात महामार्गांसाठी तयार झाली. तिच्यात दांडा मिनिटाला सव्वा मिलिमीटर इतक्या संथ गतीने घुसतो. डांबर संथ भाराखाली वाहतं, म्हणून रॅपचे खडे एकमेकांवरून सरकतात आणि आकडा खाली येतो. धावत्या चाकाचा भार क्षणाचा असतो, त्या क्षणात तेच डांबर ताठ राहतं. तेव्हा ताठरपणा चांगला, पण दर चाकामागे थोडंसं सरकणं उरतं आणि ते साठत जातं.

तेव्हा मिश्रणाला विचारायचा प्रश्न "किती ताठ" हा नाहीच. "लाखो चाकांनंतर किती बसलेलं" हा आहे. त्याचं उत्तर पुनरावर्ती भाराच्या ट्रायॲक्सियलमधून मिळेल, त्यात नमुन्याला बाजूंनी दाब देऊन वरून पुन्हा पुन्हा भार टाकतात. मशीन जानेवारीत मोकळं होईल.

५ डिसेंबर

प्लास्टर वेचल्यानंतरचा आरसीएचा दुसरा ढीग. पाहिला, बरा आहे.

१२ डिसेंबर

नुसता रॅप सुटा चालत नाही, तो बांधून चालतो का हे पाहायला फोम बिटुमेनचा पहिला दिवस. १६५ अंशांच्या गरम डांबरात थोडं थंड पाणी सोडलं की पाण्याची वाफ होऊन डांबर फसफसतं, आणि त्या काही सेकंदांत ते थंड, ओल्या मालातही मिसळता येतं. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक लॅडिस चान्यी (Ladis Csanyi) यांनी १९५० च्या दशकात वाफेने हे करून दाखवलं होतं. पुढे ऑस्ट्रेलियात वाफेऐवजी थंड पाणी वापरायची पद्धत निघाली आणि बॉयलरची कटकट गेली.

मोजपात्रात फोम धरायला मला आजही आवडतं. अडीच टक्के पाण्यावर डांबर ११ पट फुगलं आणि अर्ध्यावर यायला ९ सेकंद लागले. आमच्या कामाला दोन्ही पुरेसं. पाणी वाढवलं की फुगवटा वाढतो पण फोम लवकर बसतो, कमी केलं की उलट. मधली जागा शोधायची, ती सापडली.

१७ डिसेंबर

फोमने बांधलेल्या नुसत्या रॅपचे नमुने ७२ तास ४० अंशांवर सुकवून आडवे दाबून फोडले. १०० मिमी व्यासाच्या चकत्या. आडव्या ताणाची ताकद कोरड्यात २४० किलोपास्कल. दक्षिण आफ्रिकेच्या मार्गदर्शिकेत वरच्या दर्जाला कोरडी २२५ आणि ओली १०० लागते, म्हणजे कोरड्यात पास. खोलीत सगळे खूश झाले.

ओल्या चकत्या उद्या.

१८ डिसेंबर

२४ तास पाण्यात ठेवलेल्या चकत्या: ८५. नापास.

तुटलेला चेहरा निरखून पाहिला तर कारण दिसतं. फोम मोठ्या खड्यांवर पसरत नाही, तो पुडीला धरतो. पूड आणि डांबर मिळून बारीक ठिपके होतात आणि खड्यांमध्ये जोडाच्या टाक्यांसारखे बसतात. पूड नसेल तर डांबर कशाला धरणार? आमच्या चकतीत ते दोऱ्यांसारखं लोंबत होतं, मध्ये मोकळी जागा, तिथून पाणी सरळ आत. १९ नोव्हेंबरचा तो दीड टक्का इथे भेटला. निविदेचा वक्र तसाच ठेवला असता तर पूड भरपूर आहे असं समजून आपण पुढे गेलो असतो.

२७ डिसेंबर

क्रशरची कच, म्हणजे दगड फोडताना पडणारा बारीक माल, २० टक्के मिसळली. चार प्रकार करून पाहिले, ओली ताकद अशी:

कच नाही, सिमेंट नाही: ८५.
फक्त कच: ११५.
फक्त १ टक्का सिमेंट: १२०.
कच आणि १ टक्का सिमेंट: १९०, कोरडी २९०.

शेवटच्यात भिजल्यावरही ६६ टक्के ताकद शिल्लक राहते. पहिल्यात ३५ राहत होती.

"मग सिमेंट ३ टक्के करू, ३०० जाईल," असा फोन आलाच. जाईल, नक्की जाईल, आणि थर काँक्रीटसारखा आकसून आडव्या भेगा देईल, त्या भेगा वरच्या डांबरात उमटतील. फोम बिटुमेनचा सगळा फायदा त्याच्या थोड्या लवचीकपणात आहे. १ टक्क्याच्या वर जायचं नाही, यावर मी हटणार नाही.

९ जानेवारी

ट्रायॲक्सियल. नवी खडी आणि आरसीए पहिल्या काही हजार भारांत थोडे बसतात आणि मग स्थिरावतात. निम्म्या रॅपचं मिश्रण बसत राहतं, वेग मंदावतो पण थांबत नाही. त्याच नमुन्यांचा रेझिलियंट मॉड्युलस खडीपेक्षा चांगला आला. दोन्ही आलेख एका पानावर छापून पाठवले, खाली एकही वाक्य लिहिलं नाही.

आरसीएचा २८ दिवसांचा सीबीआर १९०. गुलाबी पूड काम करते आहे.

२० जानेवारी

चाचणी पट्टा सुरू. ४०० मीटर, १०० मीटरचे चार तुकडे: अ नवी खडी, ब आरसीए, क निम्मा रॅप निम्मी खडी, ड फोम बिटुमेनने बांधलेला रॅप, कच आणि १ टक्का सिमेंट. पायाची जाडी सगळीकडे २०० मिमी, वर सारखंच डांबर. साइडपट्टी उतरवून पाण्याला वाट करायचं काम याच पट्ट्यापासून धरलं आहे.

आज अ आणि ब. आरसीएचा ढीग काल दुपारपासून भिजवला होता, रोलरखाली छान बसला. रोलरवाले मामा म्हणाले, "ताई, हा माल पाणी पितो पण ऐकतो." संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग फिकट करडा, हाताने खरवडला तरी निघत नव्हता.

२१ जानेवारी

क वर दिवसभर अडकलो.

न्यूक्लियर गेजने, म्हणजे किरणोत्साराने जागेवरच घनता आणि ओलावा वाचणाऱ्या यंत्राने, दबाई ९६.६ टक्के दाखवली, हवी ९८. मामांनी आणखी चार फेऱ्या मारल्या, आकडा हलला नाही. पुन्हा चार. आता पृष्ठभागावर खडे फुटून पांढरे ठिपके दिसायला लागले. मी रोलर थांबवला.

गेजच्या ओल्या घनतेत, २.२३ मध्ये, मला शंका नव्हती. शंका ओलाव्याची होती. गेज ओलावा म्हणून प्रत्यक्षात हायड्रोजन मोजतो, आणि डांबर हायड्रोजनने भरलेलं असतं. गेज ७.४ टक्के म्हणत होता. नमुना ६० अंशांच्या ओव्हनला पाठवला, जागेवर वाळू भरून घनतेची चाचणी घेतली. रात्री उशिरा ओव्हनचं वजन स्थिर झालं: ४.९ टक्के. कोरडी घनता २.१२६, म्हणजे ९८.९ टक्के. थर दुपारीच पास झाला होता आणि आम्ही त्यानंतर आठ फेऱ्या मारून त्याची खडी फोडत बसलो होतो.

जिथे डांबर मिसळलेलं आहे तिथे गेजचा ओलावा धरायचा नाही, फक्त ओली घनता घ्यायची. आरसीएतही सिमेंटमध्ये बांधलेल्या पाण्यामुळे हाच प्रकार थोडा होतो. कालच्या ब च्या नोंदी पुन्हा तपासल्या, तिथे सुदैवाने ओव्हनचे नमुने घेतलेले होते.

२३ जानेवारी

ड. सकाळी सातला रॅपच्या ढिगाचं तापमान ८ अंश. इतक्या गार मालावर फोम पडला तर पसरायच्या आत गोठतो. दहापर्यंत उन्हाची वाट पाहिली, वाहनांची रांग लागली, फोन येत राहिले. १५ अंशांवर गेल्यावर मिक्सिंग सुरू केलं. मूठभर मिश्रण दाबून पाहिलं, तळव्यावर बारीक काळे ठिपके उमटले, दोऱ्या नव्हत्या.

वरचं डांबर लगेच टाकायचं नाही. आतला ओलावा ऑप्टिममच्या निम्म्यापर्यंत उतरू द्यायचा, तोवर हलकी वाहतूक कमी वेगाने.

६ फेब्रुवारी

ड चा ओलावा उतरला. कोअर, म्हणजे थर आरपार कापून घेतलेला गोल नमुना, काढायचा पहिला प्रयत्न फसला होता, आजचा अखंड निघाला, १९५ मिमी. चौघांनी तो हातात घेऊन पाहिला. चारही तुकड्यांवर डांबर टाकून झालं.

१८ मार्च

तीन दिवस सतत पाऊस. ब च्या कडेच्या पाझर पाइपातून निघणारं पाणी तपासलं: पीएच ११ च्या वर. अपेक्षित होतं. अपेक्षित असूनही पट्टीचा रंग बघून पोटात गोळा आला, कारण पाइप पुढे ओढ्याच्या दिशेने जातो. आजच तोंड वळवून मातीच्या चरात सोडलं. तिथे पाणी झिरपताना माती आणि हवा मिळून अल्कली कमी होते.

२ मे

ब च्या पाइपाच्या तोंडाशी पांढरा कठीण पापुद्रा. आरसीएतून निघालेला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून खडूसारखा जमतो. बोटाने निघत नाही, खरवडावा लागतो. पाइपाभोवती गुंडाळलेलं कापड उघडून पाहिलं, त्याची भोकंही अर्धी भरलेली.

ब चा पाया स्वतः उत्तम आहे आणि शेजारच्या निचऱ्याचा गळा आवळतो आहे. बारीक पूड धुवून काढली तर चुना कमी सुटेल, पण मग २८ दिवसांत आलेली घट्टाईही कमी होईल. मी दुसरा पर्याय सुचवते: कडेचा शेवटचा भाग नव्या खडीचा ठेवायचा, पाइपाला कापड गुंडाळायचं नाही, आणि जस्ताचा मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचा पाइप आरसीएच्या पाण्यात घालायचा नाही, तो गंजतो. जिथे पाणी थेट ओढ्यात जातं त्या भागात आरसीए नकोच.

१६ जुलै

फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर आला. ३०० मिमीच्या तबकडीवर ४० किलोन्यूटनचा ठोका, रस्ता किती वाकला ते वेगवेगळ्या अंतरांवरचे सेन्सर वाचतात. दूरचे सेन्सर सबग्रेडचं सांगतात, ते चारही तुकड्यांत जवळपास सारखे, म्हणजे तुलना न्याय्य आहे. मध्याखालचं वाकणं सर्वात कमी ब मध्ये, त्याच्या मागे ड. फेब्रुवारीपेक्षा दोघंही ताठ झाले आहेत, एक चुन्यामुळे, दुसरा सुकल्यामुळे. क त्यांच्या मागोमाग, आणि अ सर्वात शेवटी.

मग तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवून चाकोऱ्या मोजल्या. अ, ब, ड मध्ये २ ते ३ मिमी. क मध्ये ७.

डिसेंबरची बैठक रस्त्यावर उमटलेली. यंत्राला क आवडला आणि चाकांनी त्याला खाली बसवला. उन्हाळ्यात आतलं डांबर मऊ झालं तेव्हा हे घडलं असणार. क ला सबबेसमध्ये पाठवायचं, तिथे ताण कमी असतो आणि तापमान फार चढत नाही. रॅप वाया जाणार नाही, त्याची जागा फक्त एक पायरी खाली.

१७ जुलै

अहवालाचा मसुदा लिहिला. कोरड्या, ओढ्यापासून लांबच्या लांबीत आरसीए, कडेला नव्या खडीची पट्टी. सखल लांबीत आणि ओढ्याजवळ फोम बिटुमेन. त्यासोबत चाचण्यांचं एक पान: रॅप आणि आरसीए ६० अंशांवर, ग्रेडेशन डांबरासकट, आरसीए रात्रभर भिजवून प्रॉक्टर, ओली ताकद आधी बघायची आणि कोरडी नंतर, गेजचा ओलावा धरायचा नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, हे पान परिशिष्टात टाकू का. मी ते अहवालाच्या सुरुवातीला घेतलं.

२० जुलै

सही करण्याआधी पट्ट्यावर शेवटची चक्कर. अ च्या टोकाला २० मीटरमध्ये साइडपट्टी उतरवायची राहिली होती, तिथे शेजारच्या भरावाची माती साचून पडलेली आहे, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. डांबराला अजून भेग नाही. पण कडेच्या सांध्यातून फिकट गाळाची बारीक रेघ बाहेर आलेली.

डीसीपी मागवला. नव्या, पास झालेल्या, सहा महिन्यांच्या खडीत ठोक्याला ८ मिमी. सीबीआर ३४. दहा मीटर पुढे, जिथे साइडपट्टी उतरवली आहे, तिथे ३ मिमी.

२० मीटरवर चुन्याने खुणा केल्या, ग्रेडर उद्या सकाळी आठला मागितला. अहवाल आज पाठवला नाही. निचऱ्याचं प्रकरण शेवटून उचलून पहिलं करायचं आहे, आणि साइडपट्टी उतरवल्याशिवाय कोणत्याही मटेरियलचं काम मोजमापाला घ्यायचं नाही ही अट त्यात घालायची आहे.